साइड स्टँडवरची गाडी जास्त का कलते?

मासळी उतरायच्या वेळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर मोटरसायकलींची रांग लागलेली असते. ती मागच्या बाजूने पाहा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, पण एक बऱ्यापैकी ताठ आणि दुसरी डावीकडे इतकी झुकलेली की आपणच जाऊन हात द्यावा असं वाटतं. जमीन तीच, चाकांतली हवाही सारखीच. फरक असतो स्टँडच्या वरच्या टोकाला, जिथे एक बोल्ट स्टँडला फ्रेमच्या कानाशी, म्हणजे फ्रेमला असलेल्या भोकाच्या पट्टीशी, जोडतो.

साइड स्टँडवर उभी गाडी तीन बिंदूंवर टेकलेली असते: दोन चाकं आणि स्टँडचा पाय. गाडीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेघ या त्रिकोणात पडते तोवर गाडी पडत नाही. आता थोडा हिशेब. गाडी १४० किलोची, गुरुत्वमध्य चाकांच्या तळापासून अर्धा मीटर वर, कल १० अंश आणि स्टँडचा पाय चाकांच्या रेघेपासून ३० सेंटीमीटर बाजूला असं धरू. गुरुत्वमध्य जेमतेम ९ सेंटीमीटर डावीकडे सरकतो आणि स्टँडवर साधारण ४० किलो भार येतो. हाच कल १४ अंश झाला तर भार पन्नास किलोंच्या वर जातो. स्टँड लावलेल्या गाडीवर बसून मोबाइलवर बोलणारा ७० किलोचा माणूस त्यात आणखी पस्तीसेक किलोंची भर घालतो.

कल वाढतो कसा? बोल्ट आणि भोक यांच्यात अर्धा मिलिमीटर गाळा पडला असं समजू. गॅरेजमध्ये याला ‘प्ले’ म्हणतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण भोकाची लांबी २० मिलिमीटर आणि स्टँडची लांबी २५० मिलिमीटर, म्हणजे वरची ढिलाई खाली साडेबारा पटीने दिसते. पाय सहा मिलिमीटर हलतो आणि हँडलजवळ गाडी दीडेक सेंटीमीटर जास्त झुकते. खरी गोम पुढे आहे. कल वाढला की भार वाढतो, भार वाढला की झीज वाढते, आणि झीज वाढली की कल आणखी वाढतो. म्हणूनच वर्षानुवर्षं ठीक असलेला स्टँड एकदा ढिला झाला की बघता बघता हाताबाहेर जातो.

कोकणात हे चक्र लवकर सुरू होतं, कारण इथल्या हवेत मीठ आहे. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते, त्यामुळे सांध्यात बसलेला खारट थर सहसा सुकत नाही. पावसाळ्यात गाड्या गंजतात असं आपण म्हणतो. मुसळधार पाऊस उलट बाहेरचं मीठ धुऊन नेतो. बोल्टभोवतीच्या फटीत मात्र पाणी शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. गाडीवर मासळीचे क्रेट बांधत असाल तर वितळत्या बर्फाचं खारट पाणी थेट स्टँडवर ठिबकतं, तो भाग वेगळाच.

गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळे सुरुवातीला सांधा ढिला होत नाही, आवळतो. स्टँड करकरतो, पायाने ढकलावा लागतो. तसा ढकलत राहिलं की गंज चुरा होऊन गळतो आणि धातू तेवढा कमी होतो. त्यात भर पडते सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, लाल धुळीची. जांभ्याला लाल-पिवळा रंग देणारी हेमॅटाइट आणि गोएथाइट ही खनिजं आणि लोखंडाचा गंज ही एकाच घराण्यातली मंडळी, लोहाची ऑक्साइडं. दागिन्यांना झिलई देण्याची ‘रूज’ नावाची लाल पूडही लोहाचं ऑक्साइडच असते. हेमॅटाइट साध्या पोलादापेक्षा कठीण आहे. सांध्यावर जळकं ऑइल ओतलं की त्याला ही धूळ चिकटते, आणि आपण वंगण समजून बोल्टला पॉलिश पेपर लावलेला असतो.

तपासणी सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, साइड स्टँडचं खालचं टोक धरून आडवं हलवा. खडखड जाणवली तर आधी स्प्रिंग काढा. ती ताणलेली असताना वेटोळ्यांत वॉशर खोचले की ती लांबच राहते आणि पकडीशी कुस्ती करावी लागत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, सुटलेली स्प्रिंग तोंडावर येते. मग मागचा लॉकनट, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून लावलेला नट, नंतर बोल्ट.

बोल्टच्या दांड्यावर नख फिरवा. खाच लागली तर बोल्ट बदला, आणि कंपनीचाच घ्या. गंजत नाही म्हणून चकचकीत स्टेनलेस बोल्ट टाकायचा मोह होतो, पण ओल्या खाऱ्या सांध्यात स्टेनलेसला टेकलेलं साधं पोलाद जास्त वेगाने गंजतं. शिवाय बाजारातला ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताण घेतो, तर डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला साधा बोल्ट ८००. भोकच लंबगोल झालं असेल तर नुसत्या नव्या बोल्टने भागत नाही. भोक गोल मोठं करून लेथवाल्याकडून बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवून घ्यावी लागते. पाण्याला टिकणारं ग्रीस भरा, बोल्ट स्टँड मोकळा फिरेल इतकाच आवळा, आणि तो एका पान्याने धरून दुसऱ्याने लॉकनट कसा.

बरेच जण हे सगळं टाळून वेल्डिंगवाल्याकडून स्टँडच्या तळाला पट्टी मारून घेतात. गाडी ताठ होते, मालक खूश. माझ्या मते हा सगळ्यात वाईट उपाय. प्ले तसाच राहतो आणि गुरुत्वमध्य चाकांच्या रेघेजवळ येतो, मग डावीकडून आलेला वाऱ्याचा झोत गाडी उजवीकडे पाडायला पुरतो. पट्टी मारायची ती स्टँडच्या पायाचं जमिनीला टेकणारं पातं खरंच घासलं असेल तरच, मूळ उंचीइतकीच, आणि वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून.

स्प्रिंगचं काम वेगळं. स्टँड खाली येताना ती अर्ध्या वाटेवर सर्वांत जास्त ताणली जाते. त्याआधी स्टँडला वर ओढते, नंतर खाली. म्हणून तो मधे थांबत नाही. स्प्रिंग मरगळली की खड्ड्यात स्टँड आपोआप खाली येतो, आणि डाव्या वळणावर तो रस्त्याला टेकला तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं. हे टाळायला नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पाडणारा स्विच असतो. मीठ आणि चिखलाने तो बिघडला की काही मेस्त्री दोन वायरी जोडून ‘कटकट संपवतात’. तसं करू देऊ नका, स्विच नवा घाला.