भूकंपीय भूगणित

उपग्रह स्थाननिश्चिती आणि त्वरणमापक यांच्या नोंदी एकत्र करून भूकंपात जमीन किती व कशी हलली हे ठरवण्याची पद्धत. क्षणिक थरथर आणि जमिनीचे कायमचे सरकणे या दोहोंचा एकच आलेख तीतून मिळतो.

त्वरणमापक सेकंदाला १०० ते २०० नोंदी घेतो आणि क्षीण प्राथमिक तरंगही (भूकंपाचे सर्वांत आधी पोहोचणारे तरंग) टिपतो. विस्थापन, म्हणजे जमीन किती सरकली हे, काढायचे तर मात्र त्वरणाचे दोनदा समाकलन करावे लागते, आणि आधाररेषेतली (नोंदीच्या शून्य पातळीतली) बारीकशी चूक त्यात झपाट्याने वाढते. या चुकीच्या मुळाविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनात उपकरणाच्या यांत्रिक दोषावर भर आढळतो. प्रबळ धक्क्यात उपकरण किंचित कलते, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. कल आला की गुरुत्वाकर्षणाचा अंश आडव्या त्वरणात मिसळतो. मीटरमागे एक मिलिमीटर एवढा कल दुर्लक्षिला, तरी मिनिटभरात विस्थापन १७ मीटरांहून अधिक चुकते. आधाररेषा दुरुस्त करण्याच्या रीती बऱ्याच आहेत, पण उत्तर विश्लेषकाच्या निवडीवर अवलंबून राहते.

जीपीएस रिसीव्हर विस्थापन थेट मोजतो. त्याला कलाची बाधा होत नाही, की प्रबळ धक्क्याने त्याची मापनमर्यादा ओलांडली जात नाही. मात्र तत्काळ मिळणाऱ्या स्थानात आडव्या दिशेने सेंटिमीटरभर आणि उभ्या दिशेने त्याच्या काही पट अनिश्चितता असते. प्राथमिक तरंग त्यात बुडून जातात. कालमन फिल्टर ही गणिती रीत दोन्ही नोंदींना त्यांच्या अनिश्चिततेनुसार वजन देऊन जोडतो. जोडणी तयार स्थानांवर करावी की उपग्रहांच्या मूळ संकेतांपासूनच, असे दोन पक्ष आहेत. दुसरी रीत सैद्धांतिकदृष्ट्या सरस असली, तरी पहिली राबवायला सोपी आहे.

आरंभाबाबत एकमत नाही. उपग्रह-नोंदीतून भूकंपतरंग वाचण्याची कल्पना जपानमध्ये साधारण १९९० च्या दशकात पुढे आली. सेकंदागणिक घेतलेल्या जीपीएस नोंदींचा ठळक पुरावा क्रिस्टिन लार्सन व सहकाऱ्यांनी अलास्कातील देनाली भूकंपाच्या (२००२) अभ्यासातून २००३ मध्ये दिला. दोन्ही साधनांची कालमन जोडणी २००७ च्या सुमारास आधी संरचना अभियांत्रिकीत मांडली गेली. एका जागी बसवलेल्या साधनांतून तत्काळ विस्थापन काढण्याची रीत येहुदा बॉक, दिएगो मेल्गार आणि ब्रेंडन क्रॉवेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. प्रस्तुत अर्थाने पद्धतीचा प्रारंभ इथून धरणे सयुक्तिक ठरेल.

जपानमधील ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपाने तिची निकड दाखवली. त्सुनामीचा पहिला इशारा ७.९ महत्ता (भूकंपाच्या आकाराचे माप) धरून दिला गेला. प्रत्यक्षात ती ९.० होती. मोठ्या भूकंपात प्रचलित महत्ता-मापन संपृक्त होते, म्हणजे ऊर्जा वाढली तरी आकडा वाढत नाही. तिथल्या किनाऱ्यावरचा ओशिका द्वीपकल्प ५ मीटरांहून अधिक सरकला होता. जपानच्या जीपीएस जाळ्याच्या नोंदी नंतर तपासता, पाच मिनिटांच्या आत ८.७ हा अंदाज मिळू शकला असता असे दिसून आले. लाटा किनाऱ्यावर येण्याआधीची ती मिनिटे होती.

मोठे अधोगमन-विभंग (एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथल्या भेगा) बहुधा समुद्राखाली असतात आणि नोंदी घेणारी केंद्रे जमिनीवर. त्यामुळे सागरी खंदकालगतच्या सरकण्याचा अंदाज या पद्धतीनेही ढोबळच राहतो.