‘प्लेटा नव्या टाकल्या, तरी गिअर सुटतोय’

आठवड्यातून एकदा तरी आमच्या गॅरेजमध्ये हे वाक्य कानावर येतं. सेकंड पडतो, पण चढाला रेस दिली की खट्‌कन बाहेर येतो, आणि क्लच प्लेटा तर गेल्याच महिन्यात दुसरीकडे बदललेल्या असतात. अशी मोटारसायकल आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्लच न दाबता गिअर टाकता का? गाडीमालक बहुधा नाही म्हणतो. मागे बसून आलेला मित्र हसतो.

प्रश्न रागवायला विचारत नाही. खरं उत्तर मिळालं तर आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे.

क्लचशिवाय गिअर पडतो, हे आम्हीही नाकारत नाही. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. तुम्ही पायाने गिअर लिव्हर दाबता तेव्हा एक गिअर शाफ्टवर बाजूला सरकतो आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंटे शेजारच्या गिअरच्या खाचांत जाऊन बसतात. या खुंट्यांना डॉग म्हणतात. इंजिनाचा जोर चालू असेपर्यंत ते एकमेकांना घट्ट धरून असतात. रेस क्षणभर सोडली की पकड सैल होते आणि पाय लावला की गिअर सरकतो. चारचाकीत दोन भागांचा वेग जुळवून घ्यायला सिंक्रोनायझर असतो, तसा इथे नसतो. वेग जुळला नसेल तर डॉगचा कोपरा खाचेच्या कोपऱ्यावर आपटतो. तो आवाज तुम्ही ऐकलेला आहे.

काउंटरवर स्टीलच्या वाटीत एक जुना गिअर ठेवलाय. उचलून डॉगच्या कडेवरून नख फिरवून बघा. नव्या गिअरला कड नखाला लागते, याची कड वापरलेल्या साबणासारखी गोल झालीय. गोल झालेला डॉग खाचेत बसतो खरा, पण जोर आला की घसरून बाहेर येतो. क्लच प्लेटा कितीही नव्या टाका, हा कोपरा परत येत नाही.

सगळ्यात जास्त मार सेकंडला बसतो. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल आहे, त्यामुळे सरकायचं अंतर जास्त, आणि दोघांच्या वेगातला फरकही सगळ्यात मोठा. चौथ्यातून पाचव्यात, नेमकी रेस सोडून, कुणी क्लचविना गिअर टाकला तर आम्ही फारसं काही म्हणणार नाही. पण खाली आणताना नको. इंजिन आणि चाकाचा वेग जुळला नाही तर मागचं चाक झटका खातं, आणि पावसात पसरणी घाटाच्या वळणावर तो झटका कुठे नेईल सांगता येत नाही.

‘रेसवाले तर असेच टाकतात,’ असं कॉलेजची मुलं सांगतात. बरोबर आहे, पण त्यांचा गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा उघडून तपासला जातो. अपाचे आरआर 310 किंवा 390 ड्यूकसारख्या गाड्यांत क्विकशिफ्टर मिळतो, तिथे गिअर लिव्हरवरचा सेन्सर नेमक्या क्षणी इंजिनाचा जोर तोडतो. तुमच्या स्प्लेंडरला असा सेन्सर नाही. तिथे सगळा अंदाज तुमच्या मनगटाचा, आणि दिवसाकाठी दोनशे वेळा तो बरोबर येत नाही.

आता आमच्या अनुभवातली गोष्ट. हौसेने असं करणारे थोडे. बाकीच्यांचा क्लच जड झालेला असतो. दुधाचे दोन कॅन लटकवून रोज पहाटे साताऱ्यात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, ‘बोटं दुखतात म्हणून क्लच दाबणंच सोडलं.’ आम्ही केबल काढली तर क्लच लिव्हरकडच्या टोकाच्या गोळीजवळ निम्म्या तारा तुटलेल्या, आत गंज. केबल काही शे रुपयांची, काम अर्ध्या तासाचं. त्याने वर्षभर ते टाळलं आणि शेवटी इंजिन खोलावं लागलं. म्हणून सर्व्हिसिंगला आम्ही केबल न विचारता तपासतो, लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढील ठेवतो, आणि तार सुटलेली दिसली तर बदला म्हणतो. बिल वाढवायला सांगतात, असं काहींना वाटतं. काढलेली केबल तुमच्या हातात देतो, तुम्हीच बघा.

प्लेटा गेल्यात का गिअर सुटतोय, हे घरीही ओळखता येतं. रेस दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि गिअर लिव्हर मात्र जागची हलत नाही, तर क्लच घसरतोय. अशा वेळी प्लेटांच्या आधी केबल फार ताणलेली नाही ना आणि कुणी चारचाकीचं ऑइल ओतलंय का, ते बघा. मोटारसायकलीत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ ही अशा क्लचसाठीच्या ऑइलची खूण लागते. उलट, खट्‌ आवाज होऊन लिव्हर पायाला धक्का देत असेल तर दोष गिअरबॉक्सचा. तिथे प्लेटांवर एक रुपयाही घालवू नका.

गिअरबॉक्सचं काम लांबतं, कारण क्लच बाजूच्या झाकणातून होतो, पण गिअरपर्यंत जायला बहुतेक गाड्यांत इंजिन उतरवून क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, दोन भाग करावे लागतात. सुटणारा एकच गिअर बदला, असा आग्रह धरू नका. समोरच्या गिअरची खाचही तितकीच झिजलेली असते आणि गिअर सरकवणारा फोर्क बऱ्याचदा वाकलेला निघतो. जोडी आणि फोर्क तपासल्याशिवाय आम्ही इंजिन पुन्हा जोडत नाही. फोनवर खर्चाचा आकडाही सांगत नाही.

वाटेत केबल तुटलीच तर मात्र क्लचविना गाडी घरी नेता येते. न्यूट्रलमध्ये चालू करा, सपाटीवर पायांनी ढकलत थोडा वेग घ्या, मग पहिला टाका. पुढचे गिअर रेस सोडून. थांबायच्या बऱ्याच आधी न्यूट्रल करा. पोवई नाक्याच्या गर्दीतून जाऊ नका.

आणि गिअर सुटत असेल तर गाडी आणताना टाकीत थोडं पेट्रोल असू द्या. सपाटीवर दोष दिसत नाही, टेस्टला आम्हाला यवतेश्वरचा घाट चढावा लागतो.