सिमल्यात ९३ हजार युद्धकैदी सोडले नव्हते

दर डिसेंबरला तोच मेसेज फिरतो: "१९७१ चं युद्ध जिंकलं आणि सिमल्यात टेबलावर बसून पाकिस्तानचे ९३ हजार सैनिक फुकटात सोडले." हे खरं नाही, आणि दरवर्षी ते वाचून जीव तळमळतो.

भारत-पाकिस्तानमधला २ जुलै १९७२ चा सिमला करार उघडून वाचा. कैद्यांना परत पाठवायचा प्रश्न त्यात पुढच्या चर्चेसाठी ठेवलाय, एवढंच. कैदी भारताच्या छावण्यांतच राहिले. ढाक्यातली शरणागती भारत आणि बांगलादेशच्या संयुक्त फौजांपुढे झाली होती. बांगलादेशला डावलून कैद्यांना सोडता येणारच नव्हतं. सुटकेचा निर्णय झाला २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात. पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली कुटुंबांची घरवापसीही त्यातच ठरली. मग फुकटात कसं? शेवटच्या तुकडीसोबत ढाक्यात शरण आलेले पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी वाघा ओलांडून गेले ते ३० एप्रिल १९७४ ला.

आणखी एक. ते सगळे ९३ हजार सैनिक नव्हते; त्यात निमलष्करी जवान, पोलीस, नागरी कर्मचारी, बायकामुलंही होती.

'कैद्यांची इतकी बडदास्त कशाला' असंही विचारतात. युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते सांगणारा १९४९ चा आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करार कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं घरी लिहायचा हक्क देतो. शिपायालासुद्धा. लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडा, हेही त्यातच आहे. म्हणजे आपण घाई केली नाही, उलट दीड वर्षाहून जास्त थांबलो.