जाळीचा शेव्हर की गोल डोक्यांचा? पैसे देण्याआधी हे वाचा

आमच्या दादरच्या दुकानात इलेक्ट्रिक शेव्हर घ्यायला आलेलं रोज एकतरी गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारतं, "यातला चांगला कुठला हो?" आणि आम्ही उलट विचारतो, दाढी रोज करता की दोन-तीन दिवसांनी? बऱ्याच जणांना वाटतं हा माणूस विषय बदलतोय. पण खरंच सगळं त्याच्यावरच आहे. महागडा शेव्हर तुमच्या दाढीला चालेलच असं नाही, आणि एकदा वापरलेला शेव्हर आम्हाला परत घेता येत नाही, कारण तोंडाला लागलेली वस्तू दुसऱ्याला कशी द्यायची. म्हणून हा कागद छापलाय, घरी न्या, निवांत वाचा, मग या.

फॉइल शेव्हरला आम्ही दुकानात जाळीचा म्हणतो. वरती धातूची अगदी पातळ जाळी असते, एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ, आणि तिच्याखाली पाती डावीउजवीकडे मिनिटाला हजारो वेळा हलते. केस छिद्रातून आत शिरतो, पाती त्याला उडवते, मध्ये जाळी असल्यामुळे पातीचा कातडीला स्पर्श होत नाही. रोटरी म्हणजे गोल डोक्यांचा, बहुतेक तीन डोकी, प्रत्येकाला खाचा आणि आत गोल फिरणारी पाती. ही गोल फिरवायची आयडिया हॉलंडच्या फिलिप्स कंपनीतल्या अलेक्झांडर होरोविट्झ नावाच्या इंजिनियरची, १९३९ साली पहिला आला तेव्हा त्याला एकच डोकं होतं, तीन डोक्यांचा १९६६ मध्ये आला. जाळीवाल्यांमध्ये जर्मनीच्या ब्राउनचा एस ५० हा १९५० चा. म्हणजे दोन्ही पद्धती सत्तर-पंचाहत्तर वर्षं बाजारात शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि एकीने दुसरीला संपवलं नाही, कारण दोघींचं गिऱ्हाईक वेगळं आहे.

तुम्ही कुठलं गिऱ्हाईक ते असं बघा. दोन दिवस दाढी करू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहून बोटाने गाल वरून खाली चोळा, मग खालून वर. ज्या दिशेला खरखरीत लागतं ती उलटी बाजू, केशकर्तनालयात "उलटा हात मारू का" विचारतात ना, ती. आता तेच गळ्यावर करा, जबड्याच्या खाली, घाटीच्या दोन्ही बाजूंना. गालावर बहुतेकांचे केस सरळ खाली जातात, पण गळ्यावर गंमत असते, कुणाचे आडवे जातात, कुणाचे वर, कुणाला तर भोवरा असतो. गळ्यावरचे केस एका दिशेला असतील आणि तुम्ही रोज किंवा दिवसाआड दाढी करत असाल तर डोळे मिटून जाळीचा घ्या. भोवरा असेल, किंवा तीन-चार दिवस दाढी वाढवायची सवय असेल तर गोल डोक्यांचा.

कारण साधं आहे. जाळीची छिद्रं बारीक, तीन दिवसांचा केस लांब होऊन आडवा पडतो तो छिद्रात शिरतच नाही, मग माणूस जोर लावतो, तीच जागा दहा वेळा घासतो आणि संध्याकाळपर्यंत गळा लाल. मागे डोंबिवलीहून रोज दादरला येणारा एक मुलगा आला होता, म्हणाला, "काका, शेव्हर खराब दिलात, गळ्याची आग आग होते." हातात घेऊन चालवून बघितला, मशीन ठणठणीत. विचारलं दाढी कधी करतोस, तर म्हणे लोकलच्या गडबडीत रोज कुठे जमतं, रविवारी आणि बुधवारी करतो. त्याच्या गळ्याला बोट लावून बघितलं, डाव्या बाजूला केस कानाकडे, उजव्या बाजूला सरळ खाली. चूक त्याची नव्हती, विकताना आम्हीच हे विचारायला हवं होतं. तेव्हापासून आधी विचारतो.

चालवायची पद्धतही वेगळी. जाळीचा शेव्हर सरळ रेषेत, केसांच्या उलट दिशेने, दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणून. गोल डोक्यांचा छोटी छोटी गोलाकार वळणं घेत. लोक नेमकं उलटं करतात, जाळीचा गोल गोल फिरवतात आणि रोटरी वस्तऱ्यासारखा खाली ओढतात, मग म्हणतात नीट होत नाही. आणि दाबायचं नाही. दाबलं की जास्त गुळगुळीत होते हा गैरसमज आहे, दाबल्याने फक्त कातडी जाळीत फुगून वर येते आणि सोलवटते.

मिशी ठेवणाऱ्यांना आणि फ्रेंच कट कोरणाऱ्यांना जाळीचा बरा, त्याची कड सरळ असते, कुठे थांबायचं ते दिसतं आणि नाकाखालच्या चिंचोळ्या जागेत जातो. गोल डोकं तिथे सगळं झाकून टाकतं, मिशीचा कोपरा कधी उडाला कळतही नाही. डोक्याचा तुळतुळीत गोटा करणाऱ्यांना मात्र रोटरी, डोक्याच्या गोलाईवर ती डोकी वाकत जातात. आवाज जाळीवाल्याचा जास्त, पहाटे घरात लहान बाळ झोपलेलं असेल तर हाही विचार करा. ज्यांचे केस जाड कुरळे आहेत त्यांनी एकदम चकचकीत करायच्या नादी लागू नये, फार खोलवर कापलेलं टोक परत कातडीत शिरतं आणि पुटकुळी येते, थोडे खुंट राहिले तरी चालतील.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांसाठी वेगळं सांगतो. माझ्या वडिलांना त्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी ब्लेड बंद करून इलेक्ट्रिक शेव्हर वापरायला सांगितलं, कारण साधी खरचट लागली तरी रक्त थांबायला वेळ लागतो. शेवटची दोन वर्षं त्यांची दाढी मीच करायचो, खिडकीपाशी खुर्ची ओढून, जाळीच्या शेव्हरने. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, ती दोन बोटांनी ताणून धरल्याशिवाय कुठलाच शेव्हर नीट चालत नाही, आणि गालफडं आत गेलेली असतात तिथे त्यांना तोंडात हवा भरून गाल फुगवायला सांगायचं, वडील दर वेळी लहान मुलासारखे फुगवून दाखवायचे. घरात असं कुणी असेल तर आम्हाला जरूर सांगा, हलक्या वजनाचा, लहान तोंडाचा जाळीचा शेव्हर काढून देतो. आणि त्यांचा तो त्यांचाच ठेवा, एका घरात दोघांनी एक शेव्हर वापरायचा नाही, बाप-लेक असले तरी नाही.

आता मुंबईच्या हवेचं. शेव्हरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं कोरड्या त्वचेवर वापरा. इथे जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आंघोळ करून बाहेर आलं की पंख्याखालीही मान ओली. ओलसर, घामट कातडीवर शेव्हर सरकत नाही, अडखळतो, केस मऊ होऊन लोळतात. म्हणून ड्राय शेव्ह करणाऱ्यांनी दाढी आंघोळीच्या आधी करावी, सकाळी उठून तोंड धुतलं असेल तर नीट पुसून दहा मिनिटं थांबावं. पावसाळ्यात तळहातावर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन गळ्याला लावली तरी फरक पडतो. ज्यांना फेस लावूनच करायची सवय आहे त्यांनी वेट अँड ड्राय लिहिलेलाच घ्यावा. नुसतं नळाचं चित्र असेल तर तो धुता येतो एवढाच अर्थ, शॉवरचं चित्र असेल तरच ओल्यात वापरायचा. असे बरेच शेव्हर वायर लावलेली असताना चालू होत नाहीत, तो बिघाड नाही, पाण्यात शॉक लागू नये म्हणून केलेली सोय आहे.

ब्लेडवरून शेव्हरवर येत असाल तर पहिले दोन-तीन आठवडे कातडीला सवय व्हायला द्या. थोडी लाली येईल. मध्ये परत ब्लेड मारलं की मोजणी पुन्हा एकपासून.

साफसफाईबद्दल जरा कळकळीने सांगतो, कारण आमच्याकडे येणारे कितीतरी "बिघडलेले" शेव्हर नुसते घाण असतात. मागच्या महिन्यात गिरगावातले एक आजोबा तीन डोक्यांचा शेव्हर घेऊन आले, "कापतच नाही, नवीन दाखवा." वर्तमानपत्रावर उघडला तर आत केसांचा भुगा, पावडर आणि घाम मिळून राखाडी लगदा झालेला, नखाने खरवडून काढावा लागला. धुतला, वाळवला, तरी केस ओढत होता. मग लक्षात आलं, त्यांनी कधीतरी सगळं सुटं करून परत बसवताना पात्यांची अदलाबदल केली होती. गोल डोक्यांत प्रत्येक पाती आपापल्या झाकणावर घासून बसलेली असते, या झाकणाची पाती त्या झाकणाला लावली की धार जाते. म्हणून एका वेळी एकच डोकं उघडा, साफ करा, बसवा, मग दुसरं. आजोबांच्या पात्या अदलून बदलून जोडी जुळवली, तोच शेव्हर घेऊन गेले, नवीन विकला नाही.

जाळीला ब्रश कधीही लावू नका. नुसती हलकेच टेबलावर आपटून भुगा पाडा, ब्रश आतल्या पातीला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर धुतल्यावर पांढरे डाग धरतात, पुसून कोरडा करा. आठवड्याने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. जाळी दर महिन्याला उजेडाकडे धरून बघा, कुठे चीर किंवा मोठं भोक दिसलं तर त्या दिवसापासून बंद, फाटकी जाळी ब्लेडपेक्षा वाईट कापते. साधारण वर्ष-दीड वर्षात जाळी आणि पाती बदलायला लागते, म्हणून घेतानाच विचारा की या मॉडेलचे पार्ट इथे मिळतात का. न मिळणारं मॉडेल आम्ही ठेवत नाही.

अमेरिकेतल्या मुलाने-जावयाने पाठवलेला शेव्हर असेल तर प्लगला लावण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर बिनधास्त, नुसतं ११० किंवा १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो एका क्षणात जळेल, आमच्याकडे आणा, सांगतो काय करायचं ते. जुना बंद पडलेला शेव्हर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत बॅटरी असते, तो दुकानात द्या, आम्ही ई-कचरावाल्याकडे पोचवतो.

आणि दुकानात येताना दाढी करून येऊ नका. दोन दिवसांची वाढलेली घेऊन या, गळ्याला बोट लावून बघितल्याशिवाय आम्ही तुम्हाला कुठलाच शेव्हर दाखवणार नाही.