कूबर पीडी (प्रवास आणि वास्तव्य)

कूबर पीडी हे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले, ओपल या रत्नाच्या खाणींचे गाव. ते अ‍ॅडलेडच्या उत्तरेस सुमारे 846 किलोमीटरवर स्टुअर्ट महामार्गालगत आहे. 1 फेब्रुवारी 1915 रोजी सोने शोधायला आलेल्या तुकडीतल्या विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडले. गावाचे नाव मूळ रहिवाशांच्या ‘कुपा पिती’ या शब्दांवरून आले असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ असा सांगितला जातो. 2021च्या जनगणनेत लोकवस्ती दीड हजाराच्या आत होती.

जाण्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर हा काळ बरा. उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) पारा 40 अंशांच्या वर जातो, माश्या तोंडावर बसतात आणि जमिनीवर दुपारी फिरणे अशक्य होते. जून-जुलैच्या रात्री मात्र कडाक्याच्या असतात, तेव्हा लोकरीचे कपडे हवेतच. अ‍ॅडलेडहून विमानाने साधारण दोन तास लागतात. मोटारीने जाणाऱ्याने वाटेतल्या ग्लेंडॅम्बो गावी टाकी भरून घ्यावी, कारण पुढच्या सुमारे 250 किलोमीटरांत पेट्रोल मिळत नाही आणि बहुतेक टप्प्यांत मोबाइलही चालत नाही. संध्याकाळनंतर कांगारू आणि एमू रस्त्यावर येतात. धडक टाळण्यासाठी एकदम स्टिअरिंग वळवले की गाडी उलटते. त्यामुळे अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचणे हाच खरा उपाय. समोरून 50 मीटरपेक्षा लांब, अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक येतात. त्यांना ओलांडायला कित्येक सेकंद लागतात, म्हणून समोरचा रस्ता बराच लांबपर्यंत मोकळा दिसल्याशिवाय ओलांडू नये.

इथला खरा धोका पायाखाली आहे. ओपलचा थर शोधण्यासाठी सुमारे एक मीटर रुंदीचे उभे शाफ्ट खोदतात. काही 25-30 मीटर खोल असतात. थर लागला नाही की शाफ्ट तसाच सोडून पुढचा खोदायचा, ही इथली जुनी रीत. असे हजारो शाफ्ट कठडा नसलेल्या अवस्थेत उघडे आहेत. शेजारी पांढरट-गुलाबी मातीचे शंकू दिसतात: ब्लोअर नावाचा ट्रक फोडलेला खडक नळीतून ओढून घेतो आणि बाहेर टाकतो, त्याचे ते ढिगारे. छायाचित्र काढताना एक-एक पाऊल मागे सरकणारा माणूस सरळ शाफ्टमध्ये पडू शकतो. म्हणूनच गावाबाहेर ‘मागे चालू नका’ असे चित्रासह फलक आहेत. मुलांचा हात सोडू नये. खाणीच्या पट्ट्यात मालकाच्या परवानगीशिवाय शिरणे बेकायदेशीर आहे.

अनेक रहिवासी जमिनीखालच्या ‘डगआउट’मध्ये राहतात. टेकडीच्या कुशीत आडवे खोदलेल्या या खोल्यांत वर्षभर 23 ते 25 अंश तापमान टिकते, कारण डोक्यावरचा काही मीटर जाडीचा खडक बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. खडक मऊ असूनही स्वतःच्या भारावर टिकतो, म्हणून छताला खांब लागत नाहीत. भिंतींना पारदर्शक लेप दिला नाही तर धूळ गळत राहते. हवा खेळावी म्हणून उभ्या नळ्या वर काढतात. माळावर नुसत्या नळ्या दिसल्या की खाली घर आहे असे समजावे. पाहुण्यांसाठीही अशा खोल्या आहेत, पण आत खिडकी नसते आणि दिवा मालवला की हात दिसत नाही इतका काळोख होतो. बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी तोंडाशी असलेली खोली मागावी. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चही जमिनीखालीच आहे. तिथे शांतपणे, नीट कपड्यांत जावे.

ढिगाऱ्यांत ओपल शोधणे म्हणजे ‘नूडलिंग’. ते फक्त सार्वजनिक नूडलिंग क्षेत्रातच करावे. लहान खुरपे, चाळणी आणि पाण्याची फवारणी बाटली पुरते. खडा ओला केला की रंग उठतो. म्हणून कोरडे दगड नुसते चाळण्यापेक्षा थोडे-थोडे भिजवून, उन्हाकडे तिरके धरून पाहावे. सापडते ते बहुधा ‘पॉच’, म्हणजे रंगांचा खेळ नसलेले ओपल. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी खणत गेले तर वरची माती अंगावर घसरते.

उत्तरेकडचा कांकू-ब्रेकअवेज हा सुमारे 32 किलोमीटरवरचा टेकड्यांचा प्रदेश पास घेऊन पाहावा. तो मूळ रहिवाशांना पवित्र आहे. पाऊस पडला की कच्चा रस्ता निसरडा होऊन बंद केला जातो, आणि बंद रस्त्यावर गाडी घालणे दंडनीय आहे.

आपल्याकडे शुक्राचे रत्न म्हणून ओपल घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खडा कडेने पाहावा. सलग ओपलला चिकटवलेले थर नसतात. ‘डब्लेट’मध्ये रंगीत पापुद्र्याखाली काळा आधार चिकटवलेला असतो आणि कडेला सरळ रेघ दिसते, ‘ट्रिप्लेट’मध्ये वर काचेचा किंवा स्फटिकाचा घुमट असतो. हे जोडखडे पाण्यात जास्त वेळ राहिले की जोड सुटून धुरकट होतात. शिवाय खडा अंगाला टेकावा म्हणून अंगठी मागून उघडी ठेवली, तरी बोटाला लागतो तो ओपल नव्हे, मागचा काळा थर.