पहिल्या वर्षातच कामाची ओळख : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या लेहाय विद्यापीठाच्या पदवीधरांकडे पाहताना अभियांत्रिकीचे अध्यापक हर्मन श्नायडर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पुढे अभियंते म्हणून चमकलेल्यांपैकी कित्येकांनी शिकतानाच पैशांसाठी कुठे ना कुठे काम केले होते. गरजेपोटी केलेले हे काम अभ्यासक्रमातच का आणू नये? सिनसिनाटी विद्यापीठाने १९०६ मध्ये त्यांना एका वर्षाच्या बोलीवर परवानगी दिली आणि २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या : एक जण आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातली जागा कधी रिकामी पडत नसे. कामाचा मोबदलाही मिळे, आणि या प्रयोगातली सर्वांत मोलाची बाब मला हीच वाटते. घरची ओढाताण असलेला मुलगाही त्यात टिकू शकत होता.

करिअर मार्गदर्शनाचा उगम मात्र वेगळा. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र उघडले. स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींचा नीट विचार करून मेळ घाला, असे त्यांचे सांगणे होते. त्याच वर्षी ते वारले. त्यांची मांडणी पुस्तकरूपाने १९०९ मध्ये आली आणि आजही समुपदेशक तिचा आधार घेतात.

हे दोन प्रवाह बराच काळ वेगवेगळेच वाहिले. विद्यापीठांत करिअर कक्ष होते. ऑक्सफर्डमध्ये तर पदवीधरांच्या नेमणुकांसाठीची समिती १८९२ मध्येच स्थापन झाली होती. पण अशा कक्षांचे लक्ष पदवी हाती पडलेल्यांकडे किंवा शेवटच्या वर्षाकडे असे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला अजून वेळ आहे, असे सगळेच धरून चालत. १९५० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी या समजालाच हात घातला. व्यवसायाची निवड हा एका दिवसाचा निर्णय नसून ती आयुष्यभर घडत जाते, आणि तारुण्याची सुरुवात हा चाचपणीचा काळ असतो, असे त्यांनी मांडले. तसे असेल, तर चाचपणीची संधी पदवीच्या तोंडावर देणे म्हणजे उशीरच.

कॅनडातल्या वॉटर्लू येथे १९५७ मध्ये अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले ते अभ्यास आणि काम आलटून-पालटून, अशाच पद्धतीने. तिथे आजही काही विद्यार्थी पहिले सत्र संपताच कामाला जातात.

ब्रिटनमधल्या बँकांनी आणि सल्लागार कंपन्यांनी पुढे मुख्यतः पहिल्या वर्षासाठी वसंताच्या सुट्टीतले काही दिवसांचे छोटे उपक्रम काढले. ओळख करून देणे हा त्यांचा हेतू स्तुत्यच आहे. पण त्यांतूनच पुढच्या उन्हाळी इंटर्नशिपची वाट सोपी होऊ लागली आणि ओळखीच्या उपक्रमालाच चाळणीचे रूप आले. अर्ज बहुधा शरद ऋतूतच मागवले जातात. तेव्हा विद्यार्थ्याला विद्यापीठात येऊन जेमतेम काही आठवडे झालेले असतात. घरात या क्षेत्राची माहिती असलेले तयारीनिशी अर्ज करतात. बाकीच्यांना असे काही असते हे कळेपर्यंत मुदत टळलेली असते. म्हणूनच करिअरची जाणीव करून देणारे तास पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात, सर्वांसाठी आणि सत्राच्या आरंभीच हवेत, अशी मागणी होते. मला ती रास्त वाटते.