एसीएलची दुखापत : गुडघ्याचे लिगामेंट तुटणे, उपचार आणि पुनर्वसन

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्यात चार प्रमुख लिगामेंट बांधून ठेवतात. त्यांपैकी दोन सांध्याच्या मधोमध फुलीसारखी एकमेकांना छेदून जातात. त्यांतले पुढचे अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा हा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पिळवटू देत नाही. सरळ चालताना त्याच्यावाचून फारसे अडत नाही. वळताना, धावता धावता थांबताना, उडी मारून खाली येताना अडते. त्यामुळेच एसीएल तुटलेला माणूस रोज स्टेशनपर्यंत चालत जातो आणि एखाद्या दिवशी जिन्यावर नुसता मागे वळला तरी त्याचा गुडघा निसटतो.

हे लिगामेंट तुटायला कोणाची धडक लागतेच असे नाही. खेळातल्या बहुसंख्य दुखापती धक्क्याविना होतात. पाऊल जमिनीवर रोवलेले, गुडघा किंचित वाकून आत झुकलेला आणि धड भलतीकडे वळलेले, एवढे जुळून आले की पुरते. फुटबॉल, बास्केटबॉल आणि स्कीइंग हे त्यासाठी कुप्रसिद्ध खेळ. कबड्डीत पायाला पकड पडलेली असताना मध्यरेषेकडे मुसंडी मारणारा चढाईपटू आणि खो-खोत पळता पळता एकदम दिशा बदलणारा खेळाडू हेही याच धोक्यात असतात. एकाच खेळात मुलींना हा धोका मुलांच्या दोन ते तीन पट असतो. भारतात याशिवाय दुचाकी घसरून पाय टेकवताना गुडघा पिळवटलेल्यांची संख्याही मोठी आहे, आणि त्यांतले अनेक जण कधी मैदानावर गेलेले नसतात.

लक्षणे व निदान : तुटताना आत ‘कट्’ असा आवाज झाल्याचे बरेच रुग्ण सांगतात. पुढच्या काही तासांत गुडघा टम्म फुगतो, कारण सांध्यात रक्त साठते. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर इजा दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, झालेली असण्याची शक्यता अधिक. सुरुवातीला बर्फ, दाबपट्टी, पाय उंचावर आणि कुबड्यांचा आधार एवढेच करायचे असते. तेल लावून चोळणे, गरम शेक देणे किंवा कोणाकडून गुडघा ‘बसवून’ घेणे टाळावे. शेकाने व चोळण्याने सूज वाढते आणि ओढाताणीत गादीही फाटू शकते.

खरा घोळ यानंतर होतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, लंगडणे थांबते, एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते आणि मुका मार होता, बरा झाला, असे घरादाराला वाटते. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसतच नाही. निदानाचा कणा म्हणजे डॉक्टरांचा हात. लॅकमन चाचणीत गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. शाबूत लिगामेंट खटकन अडते. तुटलेले असेल तर नडगी पुढे येत राहते आणि शेवटी काही अडल्यासारखे लागत नाही. पहिल्या दिवसांत दुखण्यामुळे स्नायू आखडलेले असतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे. गादीची व इतर लिगामेंटची अवस्था एमआरआयमध्ये कळते. निदान राहून गेले तर गुडघा पुन्हा पुन्हा निसटतो आणि दर खेपेला गादी थोडी थोडी चिरडली जाते. ते नुकसान मूळ दुखापतीपेक्षा महागात पडते.

शस्त्रक्रिया करावी का : तुटलेली टोके सांध्यातल्या द्रवात असतात, तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून ती आपोआप क्वचितच नीट जुळतात. इंग्लंडमधील लीड्सचे मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये ती शिवून पाहिली. पण नुसती शिवण दीर्घकाळ टिकत नाही असा पुढचा अनुभव आला आणि शरीरातलाच दुसरा तंतू तिथे बसवण्याची पद्धत रूढ झाली.

तरीही प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली. दुसऱ्या गटाला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता आणि दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया लागली होती. पाच वर्षांपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. उलट ब्रिटनमधील २०२२ च्या चाचणीत, जुनी दुखापत होऊन गुडघा अस्थिर राहिलेल्यांना शस्त्रक्रियेचा जास्त फायदा दिसला. तात्पर्य, एमआरआयच्या अहवालावर निर्णय ठरू नये. रुग्णाला कबड्डी खेळायची आहे की बँकेत काम करून सकाळी फिरायला जायचे आहे, यावर तो ठरतो. शिवता येण्याजोगी गादी फाटली असेल किंवा गुडघा अडकून बसला असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया आज दुर्बिणीतून होते. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालचा किंवा वाटीवरचा तंतू काढून घेतात. भारतात घोट्याजवळचा पेरोनियस लाँगसही वापरतात. दोन्ही हाडांत बोगदे पाडून तो बटण किंवा स्क्रूने घट्ट करतात. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर तो आखडलेलाच राहण्याची भीती असते, म्हणून आधी काही आठवडे व्यायाम देतात.

पुनर्वसन : १९८० च्या दशकापर्यंत शस्त्रक्रियेनंतर पाय प्लास्टरमध्ये किंवा ब्रेसमध्ये आठवडेच्या आठवडे जखडत. अमेरिकेतील इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की सांगितलेले न ऐकता लवकर चालू लागलेले रुग्णच जास्त चांगले बरे होतात. १९९० मध्ये त्यांनी वेगवान पुनर्वसनाची पद्धत मांडली आणि प्लास्टर मागे पडले.

पहिले उद्दिष्ट गुडघा पूर्ण सरळ होणे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणाला टेकवायची. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, पण तीच सवय घात करते. काही अंशांची कसर राहिली तरी माणूस लंगडतो. मांडीचा पुढचा स्नायू या काळात जणू ऐकतच नाही. रुग्ण मांडीकडे टक लावून जोर लावतो आणि ती हलत नाही. स्नायू मेलेला नसतो. सूज त्याला मिळणारे संदेश दाबून टाकते. मग फिजिओथेरपिस्ट विद्युत उत्तेजन देतात. गुडघा वाकणे त्यामानाने हळूहळू येते. भारतीय शौचालय, उकिडवे बसणे आणि मांडी घालून जेवायला बसणे यांना काही महिने रजा द्यावी लागते.

बसवलेल्या तंतूला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. तो रुजत असताना, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, सर्वांत कमजोर असतो आणि नेमके तेव्हाच रुग्णाला एकदम बरे वाटू लागते. टाके निघाले, दुखणे गेले, फिजिओथेरपी सुटली, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. घरी सोडल्यानंतरचा खर्च विमा ठरावीक दिवसांपुरताच देतो, हेही त्यामागचे एक कारण. खेळाकडे परतायला किमान नऊ महिने हवेत. अमेरिका व नॉर्वेतील खेळाडूंच्या २०१६ च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेले आढळले. नुसते कॅलेंडर पुरत नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत यावी लागते. कुस्तीगीर विनेश फोगट यांच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत एसीएलची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षाच्या आत त्यांनी पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. मात्र त्यांच्या दिमतीला जो वेळ व तज्ज्ञ होते, ते तालुक्याच्या संघातल्या खेळाडूला सहसा मिळत नाहीत.

पंचविशीच्या आत खेळाकडे परतलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, आणि ती अनेकदा दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याला. शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, पुढे त्या गुडघ्यात संधिवात लवकर येण्याची शक्यता वाढते. गादी वाचलेली असेल तर ही शक्यता कमी राहते.